जिन्नस कुणाचे आणि भट्टी कुणाची: प्रीमिक्सच्या केकबद्दल

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक ताई सगळे केक प्रीमिक्सचे, म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या तयार मिश्रणाचे करतात. केक मऊ होतात, फसत नाहीत, गिऱ्हाइकं खूश आहेत. पण सासूबाईंचं म्हणणं, पाकीट फोडून केलेल्याला घरचा केक म्हणू नये. आता नऊ वर्षांच्या मुलीलाही केक शिकायचा आहे. तिला प्रीमिक्सनेच शिकवावं का, आणि मैदा-लोण्यापासून सगळं मोजूनमापून करण्यात खरंच काही अर्थ आहे की ती नुसती हौस, असं त्यांनी विचारलंय.

ताई, अर्थ आहे. मी बेकिंगचे वर्ग घेते. घरगुती ऑर्डरी करणाऱ्या बऱ्याच जणी माझ्याकडून शिकून गेल्यात आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये निघतो. उत्तर जरा लांबलचक देते, कारण ‘घरचं चांगलं, पाकिटातलं वाईट’ एवढ्यावर ते मिटत नाही.

आधी सासूबाईंचा मुद्दा. ‘सगळं घरातच’ असं आपल्याकडे भाजण्याच्या पदार्थांत कधी नव्हतंच. दिवाळी जवळ आली की तूप, पिठीसाखर, मैदा, रवा, बेसन डब्यांत भरून बायका जवळच्या बेकरीत जायच्या. काही ठिकाणी बेकरीवाले फेटून, वळून, भाजून द्यायचे. काही ठिकाणी नुसते पत्रे मिळायचे आणि त्यावर नानकटाईचे गोळे आपणच मांडायचे. मजुरी किलोवर. अजूनही कितीतरी गावांत आणि शहरांच्या जुन्या पेठांत हे चालतं. त्या नानकटाईला कुणी ‘बेकरीची’ म्हणत नसे, ती घरचीच असायची. कारण तूप आपण कढवलेलं, वेलची आपण कुटलेली, साखर किती घालायची ते आपण ठरवलेलं. उधार घ्यायची ती फक्त आच.

ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. जिन्नस आपले, भट्टी त्यांची. घरात मोठी भट्टी बांधणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून तेवढीच सोय बाहेरून घेतली. आज कितीतरी घरांत ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) किंवा कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आलाय आणि वाटणी नेमकी उलटी झालीय: भट्टी आपली, जिन्नस त्यांचे. जे काम आपल्याला जमण्यासारखं होतं तेच आपण देऊन टाकलं. सासूबाईंना जे खटकतंय ते बहुधा हेच आहे.

आता पाकिटात काय असतं ते बघू. तुमच्याकडचं प्रीमिक्सचं पाकीट हातात घ्या आणि मागची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिल्या दोन जागांवर साखर आणि मैदा, कधी मैद्याच्याही आधी साखर. मग स्टार्च, दुधाची पावडर किंवा ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन), फुगवणारे क्षार, आणि त्यानंतर आकडे: ४७१, ४७५, ४७७ ही इमल्सिफायर, ४१५ म्हणजे झँथन गम, ४१२ म्हणजे ग्वार गम. शेवटी कृत्रिम व्हॅनिला. यातलं काहीही विष नाही, सगळं परवानगी असलेलं आहे, त्यामुळे घाबरवणाऱ्या फॉरवर्डकडे लक्ष देऊ नका. पण ही इमल्सिफायर कशासाठी असतात ते समजून घ्या. पाणी, तेल आणि हवा एकत्र धरून ठेवायचं काम ती करतात. एरवी ते काम अंडं करतं आणि नीट फेटलेलं लोणी करतं; त्याहून जास्त, फेटणाऱ्याचा हात करतो. प्रीमिक्सचा केक फसत नाही याचं कारण एवढंच की फसण्याजोगं जे काही होतं ते कारखान्यात आधीच उरकलेलं असतं.

म्हणजे प्रीमिक्सने मेहनत वाचते का? घड्याळ लावून बघा. साध्या बटर केकला वजन करायला दहा मिनिटं, लोणी-साखर फेटायला आठ-दहा, अंडी आणि मैदा मिसळायला पाच. प्रीमिक्सला ओतणं आणि फेटणं मिळून सात-आठ. टिनला तूप लावून मैदा भुरभुरणं, ओव्हन तापवणं, पस्तीस-चाळीस मिनिटं भाजणं, गार करणं, भांडी घासणं हे दोन्हीकडे सारखंच. पंधरा-वीस मिनिटांचा फरक. दिवसाला आठ केक करणारीला ती मोठी गोष्ट आहे, हे मी मान्यच करते. महिन्यातून एकदा मुलाच्या हट्टासाठी केक करणाऱ्या घरात मात्र ती पंधरा-वीस मिनिटं वाचवून हाती काही लागत नाही.

वर्गात मी दोन केक शेजारी शेजारी ठेवते, एक प्रीमिक्सचा आणि एक अंडी-लोण्याचा, दोन्ही कोरे, क्रीमशिवाय. बोटाने दाबलं की प्रीमिक्सचा लगेच वर येतो, स्पंजसारखा. जाळी अगदी एकसारखी, सुरीने कापला तर चुरा पडत नाही. थरांचा केक रचणारीला हे सोन्यासारखं वाटतं आणि ते बरोबरही आहे. लोण्याचा केक दाबला की थोडा दबून राहतो, कापताना कडेला चुरा पडतो, वरचा पापुद्रा किंचित कुरकुरीत असतो. मग खाऊन बघायचं. प्रीमिक्सच्या तुकड्यात व्हॅनिलाचा वास येतो आणि गोड लागतं, बस. लोण्याच्या केकमध्ये आधी भाजल्याचा वास, मग लोण्याचा, मग साखर. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाऊन बघितलं तर हा फरक आणखी कळतो, कारण लोण्याचा केक रात्रभरात मुरतो. पण या दोन्हींच्या मध्ये क्रीमचे थर दिले की फरक ओळखणं जवळजवळ अशक्य होतं. तुमची गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत त्याचं कारण यात आहे. ती केक म्हणून मुख्यतः क्रीम खातायत.

हे असं का झालं, याची एक जुनी गोष्ट आहे आणि ती आपल्याशी थेट जुळते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीचा व्यवसाय मोलॅसिसचा, म्हणजे खाण्यायोग्य केलेल्या मळीचा. जॉन डफ यांनी मोलॅसिस वाळवून त्यात मैदा, साखर, सुकी अंडी मिसळली आणि नुसतं पाणी घालून जिंजरब्रेड, म्हणजे आल्याचा केक होईल असं मिश्रण काढलं. पेटंट मिळालं १९३३ मध्ये. पुढच्या, १९३५ च्या पेटंटमध्ये त्यांनीच नोंदवलं की गृहिणींना ताजी अंडी स्वतः घालणं जास्त पसंत असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्या यात उतरल्या. जनरल मिल्सने १९४७ मध्ये बेटी क्रॉकर नावाने केकचं मिश्रण आणलं. बायकांना आपण काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून कंपन्यांनी पाकिटातून अंड्याची पावडर काढली, असा किस्सा फार सांगितला जातो. डफ यांचं पेटंट त्याच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे तो किस्सा पूर्ण खरा नाही. ताज्या अंड्याने केक खरोखरच चांगला होतो, हे साधं कारण विसरलं जातं. मला त्या इतिहासातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाकिटांचा खप अडू लागला तेव्हा कंपन्यांनी जाहिरातींत सजावटीवर भर दिला. केक भाजण्यात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, तुमची कला आयसिंगमध्ये दाखवा, असा त्याचा रोख होता.

आपल्याकडच्या घरगुती बेकरी व्यवसायात नेमकं हेच झालंय. नोझलचे पन्नास प्रकार माहीत असतात, फाँडंटचं, म्हणजे मळलेल्या साखरेचं घोड्याचं तोंड अप्रतिम जमतं, पण सोडा आणि बेकिंग पावडर यांत फरक काय, हे विचारलं की शांतता. या मुलींच्या हातात कसब आहे, मेहनतही त्या पहाटेपर्यंत करतात. ती सगळी मेहनत जिभेला न कळणाऱ्या ठिकाणी खर्च होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर मग सुरुवातीपासून केल्याने मिळतं काय? माझ्या मते कशाने काय होतं याचं ज्ञान. एक उदाहरण जवळून बघू.

लोणी आणि साखर फेटतो तेव्हा साखरेचे टोकदार कण लोण्यात घुसतात आणि प्रत्येक कणाबरोबर हवेचा बारीक बुडबुडा आत ओढला जातो. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. फेटताना जे बुडबुडे झाले त्यांनाच ती गॅस भरून मोठं करते. म्हणून फेटण्यात कसर राहिली तर बेकिंग पावडर वाढवून उपयोग होत नाही, उलट केक आधी फुगून मग मध्ये बसतो आणि खाताना साबणासारखा लागतो. आता हे बुडबुडे धरायला लोणी ना कडक हवं ना वितळलेलं. १८ ते २१ अंशांच्या दरम्यान ते नीट काम करतं. परदेशी कृतींत ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’ असं लिहिलेलं असतं. तिकडच्या खोलीत ते ठीक. नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या दमट स्वयंपाकघरात लोणी तासाभरात तेलकट होतं आणि मग कितीही फेटा, हवा धरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणी फ्रीजमधून काढून तुकडे करायचे, दहा-पंधरा मिनिटांत कामाला घ्यायचं, आणि पातेलं गरम वाटलं तर खाली गार पाण्याची परात ठेवायची. नाशिकच्या डिसेंबरात हेच लोणी दोन तास बाहेर ठेवावं लागेल. हे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं. बोट बुडवलं तर खळगा पडावा पण बोटाला चमक येऊ नये, हा अंदाज ज्या दिवशी येतो त्या दिवसापासून अर्धे केक आपोआप सुधारतात.

असंच अंड्याचं. आपली अंडी लहान असतात, पन्नास ग्रॅमच्या आसपास, टरफलासकट. अमेरिकी कृतीतली दोन अंडी म्हणजे आपली जवळजवळ सव्वादोन. वाटी तर प्रत्येक घरची वेगळी. म्हणून वजनकाटा घ्या. फाँडंटच्या साच्यांपेक्षा तो स्वस्त आणि कितीतरी उपयोगी. गव्हाचं पीठ वापरायचं तर चक्कीवर दळताना त्यातला स्टार्च जास्त तुटतो आणि पीठ जास्त पाणी पितं, म्हणून दूध दोन-तीन चमचे वाढवायचं. केक बसला तर कारण शोधता येतं: ओव्हन लवकर उघडला, पावडर जास्त झाली, की आतून कच्चा होता. प्रीमिक्सचा केक बसला तर पाणी जास्त पडलं असेल, एवढाच तर्क करता येतो.

आणि केक हा शब्द आला की आपण लगेच इंग्रजांकडे बघतो, तेही तितकंसं खरं नाही. कोकणात धोंडस आहे, गोव्यात तिलाच तवसळी म्हणतात. मोठं जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, तुपावर भाजलेला रवा त्याच्याच पाण्यात शिजवायचा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. जाड बुडाच्या टोपात हळदीचं किंवा केळीचं पान घालून मिश्रण ओतायचं, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. ना सोडा, ना अंडं. वरून खालून सारखी आच देऊन भाजण्याचं हे तंत्र ओव्हन घरात येण्याच्या किती आधीपासून आपल्याकडे होतं! गोव्यातल्या बिबिंकाचे थरही असेच वरच्या निखाऱ्यांवर एकेक करून भाजत. ‘बाथ’ हा नाताळचा रवा-खोबऱ्याचा केक करताना मिश्रण काही तास, शक्यतो रात्रभर मुरू देतात, कारण रव्याला फुलायला वेळ लागतो. धोंडस तुमच्या ओटीजीत १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत उत्तम होते. ऑर्डरीत ठेवून बघा. अंडं न चालणाऱ्या घरांत ती हमखास खपेल.

एवढं बोलून मी सोयीच्या विरोधात आहे असं समजू नका. बेकिंग पावडर ही स्वतःच सोय आहे. १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने ती केली, तीही बायकोला यीस्ट आणि अंडी सोसत नव्हती म्हणून. त्याआधी तास-तासभर अंडी फेटत बसावं लागे, आणि ते दिवस परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. इलेक्ट्रिक बीटर जरूर घ्या. लोणी विकतचं चालतं, फक्त खारट असेल तर मीठ वेगळं घालू नका. इन्स्टंट यीस्टही उत्तम. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेने (ताडीसारख्या आंबलेल्या रसाने) पीठ फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच असतं. कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक आपल्या कितीतरी घरांतला पहिला केक होता, त्यालाही मी नावं ठेवणार नाही. त्यात निदान मैदा, लोणी, सोडा यांची गाठ तरी पडते.

माझा निकष सरळ आहे. जी सोय हाताचे कष्ट कमी करते ती घ्यावी. जी सोय चव आणि निर्णय दोन्ही आपल्या हातून काढून घेते ती घेताना दहा वेळा विचार करावा.

पावाच्या बाबतीत तर हे फार स्पष्ट दिसतं. इंग्लंडमध्ये १९६१ साली चॉर्लीवूड इथे पाव झटपट करण्याची पद्धत निघाली: जोरदार यांत्रिक मळणी, जादा यीस्ट, सुधारक द्रव्यं, आणि तासन्‌तास आंबवण्याची गरज संपली. पाव मऊ, पांढरा, स्वस्त झाला आणि चवीला पुचाट. घरी पाव करणार असाल तर पाकिटातलं ‘ब्रेड इम्प्रूव्हर’ आणण्याऐवजी यीस्ट निम्मं करा आणि मळलेलं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मेहनत शून्याने वाढते आणि वासात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आंबोळी-इडलीचं पीठ रात्रभर ठेवणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

क्रीमबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण स्पंजपेक्षा मोठी अदलाबदल तिथे झालीय. ज्याला बाजारात सर्रास ‘व्हिप क्रीम’ म्हणतात ते बहुतेक वेळा नॉन-डेअरी टॉपिंग असतं: पाणी, घट्ट केलेलं वनस्पती तेल, साखर, स्टॅबिलायझर. उन्हात टिकतं, तासभर गाडीतून नेलं तरी ढळत नाही. ट्रान्स फॅटची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेला-चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि २०२२ पासून दोन टक्के केली. तरी ते खाल्ल्यावर टाळ्याला जो मेणचट थर बसतो तो बसतोच. दुधाचं क्रीम फेटायचं तर पस्तीस टक्क्यांच्या आसपास फॅट असलेलं लागतं. स्वयंपाकाचं वीस-पंचवीस टक्क्यांचं पाकीट घट्ट होत नाही, उगाच फेटत बसू नका. माझा कल गनाशकडे आहे. हिवाळ्यात डार्क चॉकलेट आणि क्रीम समसमान, उन्हाळ्यात चॉकलेट दुप्पट. चॉकलेटच्या वेष्टनावर ‘कंपाउंड’ असेल तर त्यात कोको बटरऐवजी वनस्पती फॅट आहे, हे लक्षात ठेवा.

आरोग्याचा दावा मात्र मी करणार नाही. घरच्या केकमध्येही मैदा, साखर आणि लोणी भरपूर असतं. घरी करताना साखर पाचव्या हिश्शाने कमी करता येते, कणीक मिसळता येते, एवढा ताबा आपल्याकडे राहतो. पण केक तो केकच, तो नेमाने खायचा पदार्थ होऊ नये.

तुमच्या ऑर्डरींचं म्हणाल तर प्रीमिक्स एकदम सोडू नका. मोठ्या, थरांच्या, बिनअंड्याच्या, मे महिन्यात लॉनवर कापल्या जाणाऱ्या केकसाठी ते ठेवा. फक्त गिऱ्हाइकाला नीट सांगा. नॉन-डेअरी टॉपिंगला ‘फ्रेश क्रीम’ म्हणू नका. हे मला फार लागतं, कारण त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवूनच लोक आपल्याकडे येतात. त्याच्या बरोबरीने मेनूत दोन-तीन गोष्टी पूर्णपणे तुमच्या ठेवा: लोण्याचा साधा केक, नानकटाई, धोंडस. त्यांची किंमत जास्त लावा आणि का जास्त आहे ते सांगा. टिकण्याची मुदतही स्पष्ट लिहून द्या. त्यात टिकवणारं काही नसल्याने दमट हवेत बटर केक बाहेर दोन दिवस, मग फ्रीज.

बिनअंड्याचा पण पाकिटाशिवायचा केक हवा असेल तर दह्याचा करा. ताजं, फार आंबट नसलेलं दही २५० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम. साखर विरघळली की सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटं थांबा, दही फसफसून वर येतं. मग १०० ग्रॅम बिनवासाचं तेल, व्हॅनिला, आणि चाळलेला मैदा १९० ग्रॅम. मैदा पडल्यावर बीटर बंद, चमच्याने हलक्या हाताने मिसळायचं, नाहीतर ग्लुटेन ताणलं जाऊन केक चिवट होतो. सात इंची टिन, १७५ अंश, पस्तीस-चाळीस मिनिटं. मध्ये सुरी घालून कोरडी आली की झाला. दह्याची आंबटाई सोड्याला पुरते, म्हणून सोड्याचा वास राहत नाही. मुलीला हा भाग दाखवा, तिला ते फसफसणं बघायला आवडेल.

पण तिचा पहिला पदार्थ नानकटाईच असू द्या. केकमध्ये एकाच वेळी फार गोष्टी घडतात, नऊ वर्षांच्या मुलीला त्या वेगळ्या करून कळत नाहीत. नानकटाईत एकच धडा आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. १०० ग्रॅम घट्ट, कणीदार साजूक तूप परातीत घ्या. ८० ग्रॅम पिठीसाखर घालून तळव्याने एकाच दिशेला फेसायला लावा. आधी ते पिवळसर आणि जड असतं. हळूहळू रंग उतरतो, परातीला चिकटायचं थांबतं, पांढरंशुभ्र आणि हलकं होतं. झालं की नाही हे बघायला वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा; तो हलका होऊन वर तरंगत राहिला की हवा पुरेशी शिरली. मग १३० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, १५ ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर सोडा आणि मीठ, वेलची. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. वीसेक होतात. १६५ अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढताना मऊ लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात, त्यामुळे मऊ आहेत म्हणून परत ओव्हनमध्ये ढकलू देऊ नका.

आणि एक करा. पहिल्या ट्रेमध्ये अर्ध्या नानकटाया फेसलेल्या तुपाच्या ठेवा आणि अर्ध्या त्याच मापाच्या, पण तूप पातळ करून नुसतं मिसळलेल्या. पातळ तुपाच्या पसरून चपट्या होतील, फेसलेल्या फुलून वर तडकतील. दोन्ही खायला घाला आणि असं का झालं ते तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. ते नीट सांगता आलं की पुढच्या आठवड्यात लोण्याचा केक घ्यायला हरकत नाही: लोणी, साखर, मैदा प्रत्येकी १२० ग्रॅम, तीन लहान अंडी, एक चमचा बेकिंग पावडर, लागेल तसं दूध. अंडी एकेक करून घाला. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर त्यातलाच चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं.